सेंटर फॉरवर्ड नमस्कारे

त्याचं खरं आडनाव मला चांगलं ठाऊक होतं, पण आज आठवू म्हटलं तर जिभेवर येत नाही. भुसावळच्या बाजारपेठेत त्याला सगळे ‘नमस्कारे’च म्हणत. बाहेरगावच्यांना तर तेच त्याचं आडनाव वाटे. जळगावच्या एका संघाने सामन्याआधी दोन्हीकडच्या खेळाडूंची नावं फळ्यावर लिहिली होती. त्यात आमच्या सेंटर फॉरवर्डच्या जागी ‘श्री. नमस्कारे’ असं वळणदार अक्षरात लिहिलेलं मी या डोळ्यांनी वाचलंय. त्यानेही ते वाचलं, आणि फळ्याला नमस्कार केला.

ही साहेबाच्या राज्यातली गोष्ट. भुसावळात रेल्वेचे गोरे साहेब संध्याकाळी बूट घालून फुटबॉल खेळत आणि आम्ही कुंपणाबाहेर उभे राहून बघत असू. बघून बघून आमच्याही अंगात आलं. बाजारपेठेतल्या लोकांनी मिळून एक संघ काढला. बूट कुणाकडेच नव्हते, सगळे अनवाणीच खेळायचे. मी कापडाच्या दुकानात कामाला होतो आणि खेळण्याच्या नावाने आनंदच होता. पण बाहेरून ओरडण्यात मला तोड नव्हती. प्रत्येक संघाला असा एकजण लागतोच.

नमस्कारे रावेरकडच्या एका खेड्यातून यायचा. घरची केळीची बाग. दर रविवारी सकाळच्या गाडीने उतरायचा, खांद्यावर केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड असायचा. चेंडू खेळवायला तो बागेतच शिकला होता. केळीच्या खोडाला धक्का लागला तर बाप सोलून काढायचा, म्हणून दोन ओळींमधून चेंडू नेताना खोडाला पान लागावं इतकंही अंग लागू द्यायचं नाही, हा त्याचा सराव. मैदानावर समोरचे बॅक त्याला केळीच्या खोडांसारखेच वाटत असावेत. ते उभे राहायचे आणि हा निघून जायचा. एकदा दोन गोरे साहेब मुद्दाम त्याचा खेळ बघायला आमच्या धुळीत येऊन उभे राहिले होते. एवढा गुणी खेळाडू खानदेशात दुसरा नव्हता.

आणि एवढा डोकं फिरवणाराही दुसरा नव्हता.

माणसाला पाय लागला की आपण काय करतो? वाकून त्याला हात लावतो, तो हात छातीला किंवा डोळ्यांना लावतो. लहानपणापासूनची सवय. गाडीत, जत्रेत, पंगतीत सगळेच करतात. हा गृहस्थ ते फुटबॉलमध्ये करायचा! आता फुटबॉलमध्ये पाय लागणार नाही तर काय होणार? पण समोरच्याच्या नडगीला याचा पाय लागला रे लागला की हा जागच्या जागी थांबायचा, वाकायचा, त्याच्या पायाला हात लावायचा, तो हात डोळ्यांना लावायचा आणि मग चेंडू कुठे गेला ते बघायचा. चेंडू तोवर आमच्या गोलपाशी पोचलेला असायचा.

खेळ सुरू होण्यापूर्वी तो चेंडूलाही नमस्कार करायचा. मी एकदा जवळ उभा होतो तेव्हा ऐकलं. “आज तुले लई लाथा बसतीन, राग नको मानू,” असं तो हळूच सांगत होता. गाडीतून जाताना बाकावर पाय पोटाशी घेऊन बसायचा आणि तरी कुणाच्या वळकटीला पाय लागला तर वळकटीच्या पाया पडायचा. वळकटीचा मालक दचकून उठायचा, त्याला वाटे चोर आहे.

त्याचे गोल व्हायचे ते लांबून. कारण उघड आहे. लांब असताना पाय लागायला जवळ कुणी नसतं. गोलसमोरच्या घोळक्यात शिरला की त्याचे नमस्कार सुरू. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ती गत.

दर रविवारी सामना संपला की स्टेशनजवळच्या चहाच्या हॉटेलात आमचं भांडण जुंपायचं. याला काढायचा की ठेवायचा? भज्यांच्या घाण्यांमागून घाणे उतरायचे, पण निकाल लागायचा नाही. “याच्या जागी खांब उभा केला तर निदान चेंडू त्याला लागून परत तरी येईल,” असं एकजण म्हणायचा. “खांब लांबून गोल मारील का?” असं दुसरा विचारायचा. माझं स्वतःचं सांगायचं तर रविवारी संध्याकाळी मी टेबलावर मूठ आपटून ‘काढा’ म्हणायचो. बुधवारपर्यंत मला त्याचा एखादा लांबून मारलेला गोल आठवायचा आणि गिऱ्हाइकाला धोतरजोडी दाखवता दाखवता मी ‘ठेवा’वर येऊन पोचायचो.

एकटे नाना मात्र कधी बदलले नाहीत. नाना आमच्या संघाचे सेक्रेटरी. एका वकिलाकडे कारकून होते, डोक्याला काळी टोपी, हातात बारमाही छत्री. संघ त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला होता. ते म्हणायचे, “हा देवळात जायचा तो चुकून मैदानावर आलाय. त्याला कुणीतरी वाट दाखवा.” नमस्कारे समोर बसलेला असला तरी म्हणायचे. तो हसून नानांच्या पुढ्यात केळं सरकवायचा. नाना ते रागारागाने खायचे.

अति झालं ते जळगावच्या सामन्यात. पूर्व आणि पश्चिम खानदेशातले संघ दरवर्षी एका ढालीसाठी खेळत, आणि आम्ही जळगाव जिंकलं तर शेवटचा सामना धुळ्याशी होता. जळगावकरांना नमस्काऱ्याची खोड पुरती कळली होती. त्यांनी काय करावं? गावात नाटक कंपनी उतरली होती. तिच्या छापील जाहिराती गोळा करून त्यांनी आपल्या गोलसमोर पसरून ठेवल्या!

छापील कागद म्हणजे विद्या. विद्येला पाय लागता कामा नये. आमचा बहाद्दर चेंडू घेऊन वाऱ्यासारखा आला, समोर एकटा गोली उरला, आणि पायाखाली कागद फडफडला. झालं. खाली बसला. एक कागद उचलून कपाळाला लावला, दुसरा लावला, तिसरा लावला. गोलीने शांतपणे येऊन चेंडू उचलला. नमस्काऱ्याने सगळ्या जाहिराती गोळा केल्या, व्यवस्थित गठ्ठा केला आणि कोपऱ्यात दगडाखाली ठेवून आला. नाना मैदानाबाहेर छत्री जमिनीवर आपटत होते, ती तिथेच मोडली. पुढे नमस्काऱ्यानेच निम्म्या मैदानावरून गोल मारला आणि आम्ही जिंकलो, हा भाग वेगळा. मोडलेली छत्री नाना विसरायला तयार नव्हते.

दुसऱ्याच दिवशी हॉटेलच्या माडीवर सभा भरली. नाना उभे राहिले. “धुळेकर काय जळगावकरांपेक्षा भोळे आहेत? ते अकराच्या अकरा जण याच्या पायात पाय घालतील. याला काढायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा.” आणि स्वतःचा हात सगळ्यात आधी, सगळ्यात उंच वर केला. सोमवार होता, मी अजून रविवारच्याच तावात होतो. माझाही हात वर गेला. निम्म्याहून जास्त हात वर होते.

तेवढ्यात आमचा गोली म्हणाला, “पण तो असं का करतो, हे कुणी विचारलंय का त्याला?” कुणीच विचारलं नव्हतं. सामन्यानंतर नमस्कारे भुसावळातच मुक्कामाला राहिला होता, त्याला माडीवर बोलावलं. तो म्हणाला, “मायनं सांगेल हाये. खेळ म्हने, पन पाय लागला तं पाया पडजो. मी तिले शब्द देल हाये.”

असं आहे काय! मग सोपं झालं. मायला भेटायचं आणि शब्द परत घ्यायला लावायचा. नाना, गोली आणि मी असे तिघे गाडीत बसून त्याच्या गावी गेलो. नानांनी वाटेत मुद्दे तयार केले होते, कारकून असले तरी वकिलाकडचेच होते.

त्याची माय ठेंगणी, कपाळभर कुंकू, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. तिने आमचं बोलणं ऐकण्याआधी आम्हाला पाटावर बसवलं. हिवाळ्याचे दिवस होते. समोर वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात आली. नानांनी पहिला मुद्दा मांडायला तोंड उघडलं की ती ताटात भाकरी टाकायची. तिसऱ्या भाकरीनंतर नानांना संधी मिळाली.

“माय, खेळ तो खेळ. तिथे पाय लागला तर पाप नसतं.”

“काबरं? तिथे मानसं नसतात का?”

नानांनी तो मुद्दा सोडला. मग म्हणाले, “बरं, नमस्कार करू दे त्याला. पण सामना संपल्यावर सगळ्यांना एकदम करू दे.”

माय हसली. “पाय आता लागला अन् नमस्कार मंग? भाऊ, भूक आता लागली अन् भाकर मंग देली, चालीन का तुमाले?” नानांच्या हातात चौथी भाकरी होती. मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, “आमच्या घरात बैलाले पाय लागला तरी हात जोडतात. मंग मानसाले काबरं नाई?”

आम्ही भरल्या पोटी आणि रिकाम्या हाती परत निघालो.

स्टेशनपर्यंत पोचवायला नमस्कारे आमच्याबरोबर आला. फलाटावर नानांनी त्याला सांगून टाकलं, “हे बघ, धुळ्याला तू खेळशील. तुझ्याशिवाय आमच्याकडे दुसरा आहे कोण? पण हरलो तर तुझं आमच्याकडे खेळणं संपलं. मग इकडे येऊ नकोस.”

त्याने रुळांकडे पाहिलं. शेतात त्याला राबायचंच होतं, आयुष्यभर राबायचं होतं. रविवार तेवढा त्याचा स्वतःचा होता, आणि तोच आता जाणार होता. मला वाटलं, आता हा गयावया करील. पण तो म्हणाला, “काढा, नाना. पन मायले नका सांगजा. तिले वाटीन, तिच्या बोलन्यानं झालं. मी सांगीन का माह्याच मनातून उतरलं.”

आम्ही गाडीत बसलो. सभेत वर गेलेल्या माझ्या हाताचा मला तेव्हा फार राग आला. धुळे आपण जिंकलंच पाहिजे, असं जे माझ्या मनाने घेतलं ते ढालीसाठी नव्हतंच.

सामना पांझरेच्या काठच्या मैदानावर होता. भुसावळहून आम्ही मंडळी आरडाओरडा करत गेलो, पण धुळेकरांपुढे आमचा आवाज काय टिकणार. रेफरी म्हणून रेल्वेतले एक गार्डसाहेब होते. गोरे होते, पण हिंदी बोलायचे. नियमाला इतके पक्के की गाडी असो की खेळ, शिट्टी वाजली म्हणजे वाजली.

नाना म्हणाले होते तेच झालं. धुळ्याची तरणी पोरं मुद्दाम नमस्काऱ्याच्या पायात पाय घालू लागली. हा वाकायचा, ते हसत पळायचे. लोक हसून हसून लोळत होते. “वाक रे भो, वाक! बठ्ठा धुळाना पाय पड!” असं, म्हणजे सगळ्या धुळ्याच्या पाया पड असं, बाहेरून कुणीतरी ओरडत होतं. मी त्याच्याशी भांडायला गेलो तर मला दोघांनी धरून ठेवलं.

फक्त एक माणूस या खेळात नव्हता. धुळ्याचा मुख्य बॅक. वयाने मोठा, मिशा पिकायला लागलेल्या, छाती दाराएवढी. धुळेकर त्याला आबा म्हणत. आबांना हा पोरखेळ आवडत नव्हता. ते आपल्या पोरांवर खेकसत होते, “चेंडूले मारा रे, पाय काय घालतस!” ते स्वतः चेंडूवरच जात आणि सचोटीने खेळत. त्यामुळे नमस्काऱ्याचा पाय त्यांना लागला नव्हता.

वेळ संपत आली तरी दोन्हीकडे गोल नाही. ढाल गेल्या वर्षी धुळ्याकडे होती, बरोबरी झाली तर तिथेच राहणार. नानांनी नवी छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तेवढ्यात नमस्काऱ्याला चेंडू मिळाला. एक पोरगा चुकवला, दुसरा चुकवला, थेट धुळ्याच्या गोलसमोर शिरला. आबा आडवे आले. दोघे चेंडूवर एकदमच पोचले आणि नमस्काऱ्याचा पाय आबांच्या घोट्यावर खाडकन बसला.

चेंडू उडून आमच्या डावीकडच्या खेळाडूकडे गेला. आणि नमस्कारे? नमस्कारे वाकला. वडीलधारा माणूस म्हटल्यावर जास्तच वाकला, दोन्ही हात आबांच्या पायांवर ठेवले. नानांनी डोळे मिटून घेतले.

आता इतका वेळ ज्यांच्या पाया पडला ती पोरं होती. त्यांना कुठला आशीर्वाद सुचणार? पण आबा मुलाबाळांचे धनी. पायाशी कुणी वाकलं की वडीलधाऱ्या माणसाचा हात आपोआप वर उठतो. आबांचा उठला. “यश येवो तुले, भो, यश येवो!” असं म्हणत त्यांनी उजवा पंजा चांगला उंच धरला. त्याच क्षणी आमच्या डावीकडच्याने मारलेला चेंडू गोलकडे निघाला होता, तो येऊन त्या पंजावर फाट्दिशी आपटला.

गार्डसाहेबांची शिट्टी वाजली. हँडबॉल!

धुळ्याची सगळी पोरं गार्डसाहेबांच्या अंगावर धावली. चुकून लागला, चुकून लागला, असा एकच गिल्ला. गार्डसाहेबांनी त्यांना बाजूला सारलं आणि आबांना विचारलं, “हात कायको उठाया?”

“आशीर्वाद देवाले, साहेब.”

“गलती से उठाया?”

आबा भडकले. “गलती से? आशीर्वाद काय गलती से देतस का कोनी? जाणीबुजी दिन्हा!”

जाणूनबुजून हात वर केल्याचा एवढा स्वच्छ कबुलीजबाब गार्डसाहेबांना जन्मात मिळाला नसेल. त्यांनी पेनल्टीची जागा दाखवली. आम्ही भुसावळकरांनी टोप्या हवेत उडवल्या. आमची पेनल्टी नेहमी नमस्कारेच मारायचा. चुकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पेनल्टीला पाय लागायला जवळपास कुणी नसतं.

आणि हा शहाणा हात जोडून उभा! “मी नाई मारनार. त्यायनं आशीर्वाद देल हाये. त्याच्यावर गोल कसा मारू?”

नाना मैदानाच्या कडेला आले. आता याला छत्रीने झोडपणार असं मला वाटलं. पण नानांनी छत्री खाली टेकवली. हा चेंडू मारला नाही तर पुढच्या रविवारी हा गाडीतून उतरणार नाही, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त त्याला स्वतःला माहीत होतं. तरी तो हात जोडून उभाच.

मग आबा पुढे आले. चेंडू त्यांनी स्वतः उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पेनल्टीच्या जागेवर ठेवला.

“मी काय आशीर्वाद दिन्हा तुले?”

“यश येवो म्हने तुमी.”

“मंग? मन्हा आशीर्वाद खोटा पाडस का? मार!”

नमस्काऱ्याने एकदा आबांकडे पाहिलं. वाकून चेंडूला नमस्कार केला. मग असा काही मारला की धुळ्याचा गोली डावीकडे झेपावला आणि चेंडू उजवीकडच्या कोपऱ्यातून पार पांझरेच्या वाळूत जाऊन पडला. पाठोपाठ खेळ संपल्याची शिट्टी झाली.

नंतरचा गोंधळ काय सांगू! आम्ही सगळे मैदानात घुसलो आणि त्याला खांद्यावर उचलला. एक खांदा माझा होता, दुसरा खुद्द नानांचा. छत्री त्यांनी कुठे टाकली कुणास ठाऊक. आम्ही जयजयकार करत नाचत होतो आणि वरून हा जीव तोडून ओरडत होता, “उतरवा! पाय लागते हो, पाय लागते!” खरंच, त्याचे धुळीने भरलेले पाय कुणाच्या छातीला, कुणाच्या गालाला लागत होते. टाच लागून नानांची काळी टोपी खाली पडली. आम्ही त्याला आणखी उंच धरून सबंध मैदानाला फेरी मारली.

खाली ठेवल्यावर व्हायचं तेच झालं. ज्याला ज्याला पाय लागला त्याच्या त्याच्या पाया पडल्याशिवाय तो हलेना. पुन्हा गर्दीत कुणाला लागला ते समजेना, म्हणून सगळ्यांच्याच पाया पडायला लागला. मग आमची रांगच लागली. धुळ्याचे लोकही हसत हसत रांगेत येऊन उभे राहिले. ज्यांनी मुद्दाम पाय घातले होते ती पोरंसुद्धा आली, पण ती मात्र त्याच्याआधी त्याच्या पाया पडली. तिकडे आमची परतीची चाळीसगावची गाडी शिट्टी देऊन निघून गेली. कुणालाही तिची पर्वा नव्हती.

रांगेच्या शेवटी नाना उभे होते. टोपी हातात, टक्कल उघडं, त्यावर त्याच्या टाचेची धूळ तशीच. नमस्कारे त्यांच्यापुढे वाकला. “नाना, मायले काही सांगायचं नाई ना आता?” त्याने खालूनच विचारलं.

हॉटेलच्या माडीवर सगळ्यात उंच गेलेला तो हात पुन्हा वर उठला आणि त्याच्या डोक्यावर येऊन टेकला. “सांगू ना,” नाना म्हणाले. “पुढच्या रविवारी मीच येतो सांगायला. भरीत कर म्हणावं.”

हात त्यांनी लवकर खाली घेतला नाही. घाई नव्हती. गार्डसाहेबांनी शिट्टी केव्हाच खिशात घातली होती.